चेक इंजिनचा दिवा आणि ‘लीन’चा कोड: ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी काय काय तपासाल

गाडी चालते, मायलेजही फारसं घसरलेलं नाही. पण सिग्नलला उभं राहिलं की रेसिंग वर-खाली होतं, सकाळी पहिला गिअर टाकताना इंजिन अडखळतं आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागलेला असतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी०१७१ हा कोड आला. कोड पुसला, दिवा गेला. आठवडा जातो न जातो तोच दिवा परत हजर. मग कुणीतरी ठामपणे सांगतं, ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलून टाका.

बदलू नका, निदान लगेच तरी नाही. इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे मिश्रण ‘लीन’ (पातळ) आहे, एवढंच हा कोड सांगतो. ही तक्रार ऑक्सिजन सेन्सरने नोंदवली म्हणून तोच बिघडलाय असं धरणं म्हणजे चोरी झाल्याचं सांगणाऱ्यालाच पकडून नेणं. बहुतेक वेळा सेन्सर खरं बोलत असतो. शोधायचं असतं ते हे, की जास्तीची हवा शिरते कुठून, किंवा पेट्रोल अडतं कुठे. त्यासाठी लागणारं बरंचसं काम घरच्या पार्किंगमध्ये, पाना हातात न घेता होतं.

हा लेख पेट्रोल गाड्यांसाठी आहे. डिझेलचं गणित वेगळं.

आधी दिवा नीट बघा

पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी ओढत असेल, तर घाबरायचं कारण नाही. हळू चालवत घरी किंवा गॅरेजला जाता येतं. दिवा लुकलुकत असेल तर मात्र प्रकरण वेगळं आहे. तेव्हा इंजिन इतकं मिसिंग मारत असतं, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटायचं इतकं चुकत असतं, की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, जाऊन पेटतं. कन्व्हर्टर आतून वितळला तर खर्च सेन्सरच्या कितीतरी पट होतो. ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या आणि टोइंग मागवा.

लाल दिवा, म्हणजे ऑइलचा किंवा तापमानाचा, लागला असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि इंजिन बंद करा.

काही गाड्यांत चेक इंजिनसोबत ट्रॅक्शन कंट्रोलचा, हिल होल्डचा, स्टार्ट-स्टॉपचा असे तीन-चार दिवे एकदम लागतात आणि माणूस हबकतो, सगळं एकदम कसं काय बिघडलं! सहसा तसं नसतं. इंजिनाच्या ताकदीचा अंदाज भरवशाचा राहिला नाही, की इंजिनाचा कॉम्प्युटर (ईसीयू) बाकीच्या यंत्रणांना तसं कळवतो आणि त्या सावधगिरी म्हणून स्वतःला बंद करून घेतात. मूळ दोष मिटला की बाकीचे दिवे बहुधा आपोआप जातात. म्हणून आधी इंजिनाचा कोड सोडवा, ब्रेकच्या सेन्सरांच्या मागे नंतर लागा.

दिवा लागतो कसा

पेट्रोल पूर्ण जळायला १ किलो पेट्रोलमागे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण बरोबर आहे का, हे धुरात उरलेल्या ऑक्सिजनवरून कळतं. सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला लॅम्बडा सेन्सर, म्हणजेच ऑक्सिजन सेन्सर, ते मोजतो. बॉशने तो १९७६मध्ये पहिल्यांदा व्होल्वोच्या गाड्यांसाठी दिला. आज बहुतेक पेट्रोल गाड्यांत किमान दोन असतात, एक कन्व्हर्टरच्या आधी आणि एक नंतर. आपल्या कामाचा पहिला.

सेन्सर म्हणाला ‘ऑक्सिजन उरलाय’, की ईसीयू इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. पेट्रोल जास्त झालं तर कमी वेळ. ही दुरुस्ती सतत चालू असते, आणि ती किती टक्के केली याचा हिशेब ईसीयू ठेवतो. त्यालाच फ्युएल ट्रिम म्हणतात. क्षणाक्षणाला बदलणारी ती शॉर्ट टर्म ट्रिम आणि सवयीने शिकून ठेवलेली ती लाँग टर्म ट्रिम. दोन्हींची बेरीज साधारण उणे ८ ते अधिक ८च्या आत असेल तर इंजिन खुशाल आहे. ती अधिक २०–२५च्या पुढे गेली आणि तिथेच राहिली, की ईसीयू हात टेकतो आणि पी०१७१ नोंदवतो. व्ही-सहा, व्ही-आठ अशा दोन बाजूंच्या इंजिनांत दुसऱ्या बाजूसाठी पी०१७४ असतो. आपल्याकडच्या तीन-चार सिलिंडरच्या गाड्यांना एकच बाजू, त्यामुळे पी०१७१ हाच नेहमीचा. फक्त आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, मिश्रण पातळ होत असेल तर पी२१८७सुद्धा येतो.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. दिवा लागतो तोवर इंजिन बरेच दिवस कसंबसं सांभाळून घेत असतं. दोष आज सकाळचा नसतो, आज फक्त त्याने हद्द ओलांडलेली असते. म्हणूनच कोड पुसल्यावर दिवा लगेच येत नाही. पुसताना शिकलेली ट्रिमही शून्यावर जाते, ती पुन्हा चढायला वेळ लागतो. शिवाय बहुतेक दोषांसाठी एका फेरीत दोष दिसला तर तो ‘पेंडिंग’ म्हणून नोंदला जातो आणि पुढच्या फेरीतही दिसला तरच दिवा लागतो. दिवा गेला म्हणजे दुरुस्ती झाली, असं समजणाऱ्यांची फसगत होते ती इथे.

हाताशी काय हवं

ब्लूटूथचा ओबीडी ॲडॉप्टर, म्हणजे ईसीयूतली माहिती मोबाइलला पाठवणारं छोटं उपकरण, आणि मोबाइलवर एखादं ॲप. ईएलएम३२७ नावाने मिळणारे स्वस्त ॲडॉप्टर या कामाला पुरतात, पण विकत घेताना चालू आकडे दाखवतो ना हे बघा. नुसता कोड वाचणारा उपकरणाचा प्रकार आपल्याला अर्धाच उपयोगी. २०१३नंतर आपल्याकडे विकलेल्या बहुतेक सगळ्या गाड्यांत ओबीडी-२चं सॉकेट असतं, बहुधा स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ. काम झालं की ॲडॉप्टर काढून ठेवा. तो लावून गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी बसू शकते.

बाकी एक टॉर्च, जुनी फडकी आणि सोबतीला एक माणूस. चालू इंजिनाजवळ वाकायचं आहे, तेव्हा ओढणी, पदर, सैल बाही, गळ्यातली साखळी आधी आवरा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो, हेही विसरू नका. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो.

कोड पुसायचा नाही, वाचायचा

कोड मिळाला की आधी स्क्रीनशॉट घ्या. मग ॲपमध्ये ‘फ्रीझ फ्रेम’ शोधा. कोड नोंदवला गेला त्या क्षणी इंजिन किती आरपीएमवर होतं, किती गरम होतं, लोड (इंजिनावरचा भार) किती होता, गाडीचा वेग किती, हे त्यात जपून ठेवलेलं असतं. कोड पुसला की हा पंचनामाही जातो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावताच पहिलं बटण ‘क्लिअर’चं दाबणारा मेकॅनिक भेटला तर त्याला सौम्यपणे थांबवा.

फ्रीझ फ्रेमवरून अर्धी दिशा मिळते. वेग शून्य, आरपीएम ७५०, इंजिन गरम असेल तर सिग्नलला उभं असताना नोंद झाली, म्हणजे संशय हवेच्या गळतीवर. वेग ६०, आरपीएम ३०००, लोड ८५ टक्के असेल तर गाडी खंबाटकीसारखा चढ चढत होती, म्हणजे संशय पेट्रोलच्या पुरवठ्यावर. इंजिनाचं तापमान जेमतेम ३०–४० अंश असेल तर थंडीत आकसणारं एखादं गॅस्केट नजरेखाली ठेवा. गरम झालं की ते फुगून स्वतःच फट बुजवतं, आणि दुपारी गॅरेजला नेलेली गाडी एकदम शहाण्यासारखी वागते.

सोबत दुसरे कोडही आहेत का पाहा. पी०३०० ते पी०३०४ मिसिंगचे. पी०१०१ हवा मोजणाऱ्या सेन्सरचा. पी००८७ पेट्रोलचा दाब कमी असल्याचा. यांपैकी एखादा पी०१७१सोबत असेल तर आधी त्याच्या मागे जा.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी: तीन ठिकाणचे आकडे

इंजिन पूर्ण गरम करा, एसी बंद ठेवा. ॲपमध्ये शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म अशा दोन्ही ट्रिम उघडा. आधी आयडलिंगला मिनिटभर बघा आणि बेरीज लिहून ठेवा. मग गाडी उभीच ठेवून रेस करा, आरपीएम २५०० वर स्थिर धरा, अर्ध्या मिनिटाने पुन्हा बेरीज लिहा. तिसरा आकडा रस्त्यावर घ्यायचा, चढावर किंवा तिसऱ्या गिअरमध्ये जोर देऊन. हा आकडा शेजारी बसलेल्याने वाचायचा, चालवणाऱ्याने नाही.

समजा, आयडलिंगला अधिक २२, २५०० आरपीएमला अधिक ७ आणि चढावर अधिक ४. म्हणजे कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय. गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘एअर घेतंय’. फट तेवढीच असते, पण आयडलिंगला इंजिन मुळात हवाच थोडी घेतं, त्यामुळे फटीतून येणारी हवा त्यात उठून दिसते. घरच्या चार माणसांच्या वरणात तांब्याभर पाणी पडलं तर लगेच कळतं, लग्नाच्या पातेल्यात पडलं तर आचाऱ्यालाही पत्ता लागत नाही. तसंच हे.

याउलट आयडलिंगला अधिक ३, २५००ला अधिक १० आणि चढावर अधिक २३ असे आकडे आले, तर मागणी वाढते तसं पेट्रोल कमी पडतंय. एक तर पंप किंवा फिल्टर दमलाय, नाहीतर हवा मोजणारा सेन्सर हवा कमी सांगतोय. तिन्ही ठिकाणी साधारण सारखाच वाढीव आकडा आला तर इंजेक्टर, पेट्रोलचा दाब, खुद्द पेट्रोल किंवा सेन्सरला फसवणारी सायलेन्सरची गळती यांच्यापैकी कुणीतरी.

इथे एक मेख आहे आणि ती आपल्या गाड्यांना फार लागू आहे. वरचा हवेच्या गळतीचा नियम एमएएफ सेन्सर असलेल्या इंजिनांना तंतोतंत लागतो. एमएएफ म्हणजे एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी (ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडणारी हवेची झडप) यांच्या मधल्या पाइपात बसून आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर. फट त्याच्या पुढे असली की त्यातली हवा त्याच्या मोजणीत येतच नाही. पण आपल्याकडच्या कितीतरी छोट्या गाड्यांत एमएएफ नसतोच. इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांवर, बसवलेला एमएपी सेन्सर आतला दाब मोजतो आणि ईसीयू त्यावरून हवेचा अंदाज बांधतो. अशा इंजिनात फट पडली तर दाबही वाढतो, ईसीयूला ती हवा दिसते आणि तो त्या हिशेबाने पेट्रोलही देतो. परिणाम ट्रिमवर कमी आणि रेसिंगवर जास्त दिसतो, गाडी आयडलिंगला उगाच चढी राहते. समुद्रसपाटीजवळ, गरम इंजिनाचा आयडलिंगचा मॅनिफोल्ड दाब बहुधा ३० ते ४० किलोपास्कल असतो. तो ५०च्या घरात दिसत असेल आणि रेसिंग चढं असेल तर गळती शोधा. दाब ठीक आहे आणि ट्रिम मात्र चढलेली आहे, असं असेल तर एमएपीच्या गाडीत माझा पहिला संशय पेट्रोलवर किंवा सायलेन्सरवर जातो, हवेच्या पाइपांवर नाही. इंटरनेटवरचे बरेच व्हिडिओ एमएएफच्या गाड्यांवर केलेले असतात. ते बघून लोक तासन्‌तास फट शोधत बसतात.

तुमच्या गाडीत कोणता सेन्सर आहे, हे ॲपच कळवतं. ग्रॅम प्रति सेकंद असा आकडा हलताना दिसला तर एमएएफ, मॅनिफोल्ड प्रेशर दिसलं तर एमएपी. काही इंजिनांत दोन्ही असतात.

हवा कुठून शिरते

डोळ्यांनी सुरुवात करा. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा रबरी पाइप वाकवून बघा. चीर बहुधा घड्यांच्या खोबणीत असते, वरून दिसत नाही. सर्व्हिसिंगनंतर लगेच दिवा लागायला लागला असेल तर दोष शोधायला लांब जायची गरज नसते. क्लिप सैल राहिलेली असते, फिल्टरचा डबा नीट बसलेला नसतो, ऑइलची डिपस्टिक अर्धवट वर आलेली असते किंवा ऑइल भरायचं झाकण तिरकं लागलेलं असतं. शेवटच्या दोन गोष्टी बघून नवखे चकित होतात. पण इंजिनाच्या पोटातली वाफ पीसीव्ही व्हॉल्व्हमधून परत इनटेकमध्येच ओढली जाते, त्यामुळे झाकणाची फटही शेवटी हवेचीच फट.

पावसाळ्यात उंदरांना विसरू नका. इंजिनाची ऊब त्यांना आवडते, आणि पातळ रबरी नळ्या व वायरिंग ते कुरतडतात. बॅटरीच्या आसपास लेंड्या, फळांच्या साली, चिंध्या दिसल्या तर प्रत्येक नळी शेवटापर्यंत हाताने चाचपून बघा.

मग इंजिन चालू करून ऐका. सुस्स असा आवाज येतो का? आलाच तर कुठून? ब्रेक पेडल दाबल्यावर आवाज बदलतो, रेसिंग पडतं किंवा पेडल नेहमीपेक्षा कडक लागतं, असं असेल तर ब्रेक बूस्टर (ब्रेक दाबायला जोर देणारा डबा) किंवा त्याची नळी फुटलेली आहे. हे निदान लागलं तर पुढची शोधाशोध थांबवा आणि आधी ते दुरुस्त करून घ्या. प्रश्न मायलेजचा उरलेला नाही, ब्रेकचा आहे. ऑइलचं झाकण उघडायला गेलात आणि आतून कुणी धरून ठेवल्यासारखं ते घट्ट ओढलं गेलं, तर पीसीव्हीचा पडदा फाटला आहे.

माझी आवडती पद्धत नळ्या चिमटण्याची. इंजिन आयडलिंगला, समोर शॉर्ट टर्म ट्रिमचा आकडा, आणि इनटेक मॅनिफोल्डवरून निघणारी एकेक रबरी नळी फडक्यातून पकडीने हळूच दाबायची. एखादी दाबताच ट्रिम अधिक १५वरून धाडकन खाली आली, तर फट त्या नळीच्या पुढे आहे. ब्रेक बूस्टर, पीसीव्ही, पेट्रोलच्या वाफेचा पर्ज व्हॉल्व्ह, सगळे असे एकेक करून गाळता येतात. जुनी, कडक झालेली नळी मात्र चिमटू नका, ती तिथेच तडकेल. पर्ज व्हॉल्व्हची आणखी एक खूण म्हणजे टाकी भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला कुरकुरते.

गॅरेजमध्ये सर्रास एक शॉर्टकट वापरतात, चालू इंजिनावर कार्ब क्लीनरचा फवारा मारायचा आणि रेसिंग बदललं की ‘इथेच आहे’ म्हणायचं. निदान बऱ्याचदा बरोबर येतं, पण तो फवारा अत्यंत ज्वलनशील असतो आणि शेजारी तापलेला एक्झॉस्ट असतो. नवख्याने हे करू नये. उदबत्तीचा धूर कुठे ओढला जातो ते पाहण्याचा जुगाडही नको, पेट्रोलच्या पाइपाजवळ निखारा कशाला न्यायचा? यापेक्षा स्मोक टेस्ट करून घ्या. इनटेकमध्ये धूर सोडतात आणि फट असेल तिथून तो बाहेर येतो. मॅनिफोल्डच्या गॅस्केटसारखी न दिसणारी गळती पकडायला याच्याइतकं बिनचूक दुसरं काही नाही.

एमएएफ घाण झालाय का

एमएएफच्या आत केसाइतकी बारीक तापलेली तार किंवा फिल्म असते. तिच्यावर धूळ बसली की ती हवा कमी सांगते. तेल लावलेले, धुऊन पुन्हा वापरायचे फिल्टर बसवले असतील तर त्यांतलं तेलही उडून तारेवर बसतं. इंजिन गरम, एसी बंद असताना १.२ ते १.५ लिटरच्या इंजिनाचा आयडलिंगचा आकडा २ ते ३ ग्रॅम प्रति सेकंदाच्या आसपास असतो. त्यापेक्षा फारच कमी असेल तर सेन्सर साफ करा, पण फक्त एमएएफसाठीच्या स्प्रेने. कार्ब क्लीनर नको, कापूस नको, फुंकर नको, बोट तर अजिबात नको. पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.

एमएएफ आणि पंप यांत दोषी कोण, हे रिकाम्या चढावर कळतं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर ‘कॅल्क्युलेटेड लोड’ ९०–१०० टक्क्यांच्या जवळ जायला हवा. तो ७०लाच अडखळत असेल तर एमएएफ हवा कमी मोजतोय. लोड नीट चढतोय आणि तरी पिकअप मरतंय, तर पेट्रोल पुरत नाही.

पेट्रोलची बाजू

इथे घरी करण्यासारखं फारसं नाही, पण ओळखण्यासारखं आहे. चढावर दम लागणं, ओव्हरटेक करताना झटके, टाकी पाव भरलेली असताना त्रास जास्त आणि पूर्ण भरली की कमी, ही पंपाची किंवा त्याच्या जाळीची लक्षणं. पंप टाकीतच असतो आणि आजूबाजूचं पेट्रोल त्याला थंड ठेवतं. वर्षानुवर्षं रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात ते यामुळेच.

दाब गेज लावूनच मोजायचा. साध्या, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये फवारणाऱ्या इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत तो ३ ते ४ बारच्या दरम्यान असतो; नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. इंजिन बंद असलं तरी लाइनमध्ये दाब टिकून असतो आणि पाइप सैल करताच पेट्रोल उडतं, तेव्हा हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या. टर्बो-पेट्रोलच्या डायरेक्ट इंजेक्शन गाड्यांत तर पुढच्या पाइपातला दाब शंभर बारच्याही वर जातो. तिथे हातही लावायचा नाही.

आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलचं प्रमाण १४.७ला १, तर १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं सुमारे १४.१ आणि २० टक्क्यांच्या पेट्रोलचं सुमारे १३.५. म्हणजे ई१०साठी बसवलेल्या इंजिनात ई२० गेलं की ट्रिम चारेक टक्क्यांनी वर सरकते, आणि शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने बसवलेल्या जुन्या इंजिनात आठ-नऊ टक्क्यांनी. धडधाकट गाडीत एवढ्यावर दिवा लागत नाही. पण जिची ट्रिम आधीच अधिक १७वर होती, ती आता २०च्या पुढे जाते. ‘ई२०मुळे गाडी बिघडली’ म्हणणाऱ्या काही गाड्यांत खरा दोष जुनी फट किंवा थकलेला इंजेक्टर असतो, ई२०ने फक्त उरलेली सवलत खाल्लेली असते. तशी इथेनॉलची बाजू घ्यायचा माझा हेतू नाही. ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला त्रास देतं, दोन्ही खरं आहे. पावसाळ्यात एखाद्या पंपावर भरल्याबरोबर गाडी मिसिंग मारू लागली तर पेट्रोलचा नमुना काचेच्या बाटलीत घेऊन ठेवा. पाणी वेगळं झालं असेल तर खाली थर दिसतो.

सीएनजीवाल्यांसाठी

मुंबई-पुण्याकडे हा कोड घेऊन येणाऱ्या गाड्यांत सीएनजीच्या बऱ्याच असतात. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये पेट्रोलचा मूळ ईसीयू गॅसवर चालतानाही ट्रिम शिकत राहतो. गॅसचं ट्यूनिंग नीट नसेल तर तो चुकीचं शिकतो, आणि दिवा लागतो. दोष पेट्रोलचा की गॅसचा हे ठरवायला तीन ठिकाणची चाचणी दोन्ही इंधनांवर वेगवेगळी करा. पेट्रोलवर आकडे सरळ आणि गॅसवर चढलेले असतील तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर, गॅस इंजेक्टर आणि किटचं मॅपिंग, असा रस्ता धरा.

उलटंही घडतं. पेट्रोल महाग म्हणून सगळं चालवणं गॅसवरच, टाकीत महिनोन्‌महिने तेच दोन लिटर पेट्रोल. ते शिळं होतं, पेट्रोलचे इंजेक्टर चिकटून जातात, आणि ज्या दिवशी गॅसची रांग चुकवून पेट्रोलवर जायची वेळ येते त्या दिवशी दिवा लागतो. आठवड्यातून थोडे किलोमीटर पेट्रोलवर चालवणं आणि टाकी पूर्ण सुकू न देणं, एवढं केलं तरी यातला बराच त्रास टळतो.

सेन्सरला फसवणारे दोघे

सायलेन्सरचा पाइप जिथे इंजिनाला जोडला जातो तिथे, सेन्सरच्या आधी, तडा गेला असेल तर धुराच्या दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवत जातो. थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक आवाज आणि गरम झाल्यावर तो कमी होणं, ही त्याची खूण. जोडाजवळ काजळीचा काळा पट्टाही दिसतो.

दुसरा म्हणजे मिसिंग. सिलिंडरने ठिणगी चुकवली तर त्यातलं पेट्रोल आणि ऑक्सिजन दोन्ही न जळता बाहेर पडतात. सेन्सर फक्त ऑक्सिजन मोजतो, म्हणून तो ‘लीन’ म्हणतो. पी०३०२ सोबत असेल तर दुसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावून बघा, अर्थात इंजिन बंद आणि थंड असताना. कोड पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. तिथेच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर.

एवढं सगळं गाळून झाल्यावर सेन्सरची पाळी. जुन्या प्रकारच्या सेन्सरचा व्होल्टेज गरम इंजिनावर ०.१ ते ०.९च्या दरम्यान झपाझप नाचला पाहिजे. एकदम ॲक्सिलरेटर दिल्यावर तो ०.८च्या वर उडी मारतो आणि सोडल्यावर शून्याकडे येतो का बघा. येत असेल तर सेन्सर जिवंत आहे. मिश्रण कितीही वाढवलं तरी तो ०.१–०.२लाच चिकटून राहिला, तर त्याच्यावर खर्च करायला हरकत नाही. मात्र बऱ्याच नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड असतो, तो असा नाचत नाही. ॲप त्याचा लॅम्बडाचा आकडा दाखवतं, आणि स्थिर गतीला तो १च्या अगदी जवळ असावा.

पीयूसी केंद्रावरही एक फुकटची तपासणी होते. चार वायू मोजणाऱ्या यंत्रावर गाडी लावली तर २५०० आरपीएमच्या आसपासचा लॅम्बडा छापून येतो आणि तो ०.९७ ते १.०३मध्ये अपेक्षित असतो. ईसीयू म्हणतोय लीन, ट्रिम भरमसाट अधिक, आणि पीयूसीवर मात्र कार्बन मोनॉक्साइड जास्त येतोय, असा विरोधाभास दिसला तर कुणीतरी सेन्सरला फसवतंय किंवा सेन्सरच फसलाय.

दुरुस्तीनंतर

आता कोड पुसा. बॅटरीची तार काढून पुसण्यापेक्षा ॲपमधूनच पुसलेला बरा, नाहीतर खिडक्यांच्या सेटिंगपासून थ्रॉटलच्या शिकवणीपर्यंत बरंच काही पुन्हा बसवावं लागतं. सकाळी थंड इंजिनाने निघा, थोडं शहरात, थोडं हायवेवर असे दोन-चार दिवस चालवा आणि रोज संध्याकाळी ॲपमध्ये दोन गोष्टी बघा. पेंडिंगमध्ये पी०१७१ परत आलाय का, आणि लाँग टर्म ट्रिम कुठे स्थिरावली. ती एक आकडी राहिली तर काम झालं. अधिक १३–१४पर्यंत चढून थांबली असेल, तर दिवा बंद असला तरी दोष अर्धाच निघालाय. इंजिन गरम करून नळ्या चिमटायला पुन्हा बॉनेट उघडा.

गाडी शेवटी गॅरेजलाच न्यावी लागली, तर ‘चेक लाइट येतोय’ एवढंच सांगून चावी देऊ नका. फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट, तिन्ही ठिकाणच्या ट्रिम, सीएनजी असेल तर दोन्ही इंधनांवरचे आकडे आणि त्रास नेमका कधी होतो हे एका कागदावर लिहून द्या. आणि जो भाग बदलायचं म्हणतील, तो कोणत्या तपासणीवरून ठरवला हे कामाला हात लावण्याआधी विचारा.